गिटची हमाली स्क्रिप्टवर टाकली आणि आता स्क्रिप्टच डोक्याला ताप झालीय

अर्धवट_कमिट

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, आधीच सांगतो. विषय गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल (कमिट) नोंदवून ठेवणाऱ्या टूलचा.

रोज तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून दोनेक महिन्यांपूर्वी मी दोन शेल स्क्रिप्ट लिहिल्या, एकीचं नाव सकाळ, दुसरीचं संध्याकाळ. सकाळ काय करते तर गिट स्टॅश मारते (अर्धवट बदल बाजूला ठेवते), मेन या सगळ्यांच्या मुख्य ब्रांचवर जाते, पुल करते (सर्व्हरवरचं नवीन घेते), परत माझ्या ब्रांचवर येते, मेनवर रिबेस करते (माझे कमिट ताज्या मेनच्या पुढे लावते) आणि शेवटी स्टॅश पॉप (बाजूला ठेवलेलं परत आणते). संध्याकाळ त्याहून सोपी, गिट ॲड डॅश मोठा ए (सगळे बदल कमिटसाठी निवड), मग 'काम चालू' आणि पुढे तारीख असा कमिट मेसेज, आणि मग फोर्स पुश (सर्व्हरवरची ब्रांच दामटून बदलणं), कारण सकाळी रिबेस झालेलं असतं त्यामुळे साधा पुश सर्व्हर घेतच नाही. फोर्स म्हणजे अगदी उघडाबोडका फोर्स नाही हां, --फोर्स-विथ-लीज लावलंय, तेवढी अक्कल होती. शिवाय क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा शेड्युलर) दर १५ मिनिटांनी गिट फेच (सर्व्हरवरचं नवीन नुसतं आणून ठेवणं) लावून ठेवलंय, म्हणजे सगळं ताजं राहतं.

महिनाभर लय भारी वाटलं, शेजारच्या दोघांनी पण कॉपी करून घेतली. मग ओळीने तीन भानगडी झाल्या.

एक, एका सकाळी स्क्रिप्ट चालवली आणि माझ्या ब्रांचमध्ये तीन आठवड्यांपूर्वी मी बाजूला टाकलेला कोड आपोआप येऊन बसला, मला वाटलं मलाच काहीतरी होतंय. दोन, संध्याकाळने डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल पुश केली. मूळ डॉट ईएनव्ही फाईल गिटइग्नोरमध्ये (गिटने घेऊ नयेत अशा फाईलींची यादी) होती, पण त्या दिवशी मी तिची एक कॉपी काढून नावाच्या शेवटी 'जुनी' लावलं होतं, ती कॉपी इग्नोरच्या नियमात बसली नाही. तीन, आमच्यातल्या एकाने माझ्याच ब्रांचवर दोन कमिट टाकले होते आणि ते माझ्या पुशने उडाले. लीज असूनसुद्धा! हे तिसरं तर मला अजून कळलेलं नाही.

आता टीममध्ये सगळे म्हणतायत की स्क्रिप्ट बंद कर आणि माणसासारखा हाताने टाईप कर. मला ते पटत नाही, पण मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार. तर विचारायचं असं की गिटमधलं काय काय ऑटोमेट करावं आणि कशाला हात लावू नये? आणि हे जे झालं ते नक्की का झालं?

शाखामृग

पहिलीचं कारण सांगतो, कारण मी स्वतः त्यात पडून झालंय. स्टॅश करायला काहीच नसेल ना, म्हणजे तुझं सगळं कमिट झालेलं असेल, तर गिट स्टॅश 'सेव्ह करण्यासारखं काही नाही' असं म्हणतो आणि गप्प बसतो, पण एरर देत नाही, एक्झिट कोड ० च येतो, म्हणजे सगळं ठीक. स्क्रिप्टला वाटतं स्टॅश झाला. मग शेवटी पॉप येतो आणि तो स्टॅशच्या ढिगातला सगळ्यात वरचा जो असेल तो काढतो. तो आज सकाळचा नसून तीन आठवड्यांपूर्वीचा होता, एवढंच. भूतबीत काही नाही.

दुसरं म्हणजे तुझ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट डॅश ई (चूक झाली की थांब) नसणार, पैज लावतो. शेल स्क्रिप्ट एक कमांड फेल झाली तरी पुढची चालवत सुटते. म्हणजे रिबेसमध्ये कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला तरी तशाच अर्धवट अवस्थेत ती पॉप मारायला जाणार, गिट तो नाकारणार आणि तुझे बदल स्टॅशच्या ढिगातच पडून राहणार.

पण मुळात ही स्क्रिप्ट लागतेच कशाला? मेनवर जाऊन परत यायचं कारण काय? फेच कर आणि आहेस तिथूनच ओरिजिन/मेनवर (सर्व्हरवरच्या मेनची आपल्याकडची नोंद) रिबेस कर, लोकल मेनला शिवायचीसुद्धा गरज नाही. ब्रांच बदलत बसलास की दोन्हीकडे वेगळ्या असलेल्या सगळ्या फाईली डिस्कवर पुन्हा लिहिल्या जातात, त्यांची वेळ बदलते आणि बिल्ड टूलला वाटतं सगळं नवीन आहे, बसा मग कंपाईल होत. स्टॅशचं म्हणशील तर कॉन्फिगमध्ये रिबेस.ऑटोस्टॅश ट्रू करून टाक. काही बदल असतील तरच तो स्टॅश करतो, रिबेस झाल्यावर स्वतःचाच परत लावतो, ढिगातला भलताच उचलत नाही. परत लावताना कॉन्फ्लिक्ट आलाच तर तुझे बदल स्टॅशमध्ये ठेवून तसं सांगतो.

माझ्याकडे अशा चार-पाच ओळी आहेत कॉन्फिगमध्ये. फेच.प्रून ट्रू, म्हणजे सर्व्हरवर डिलीट झालेल्या ब्रांचचे आपल्याकडचे ट्रॅकिंग रेफ (नोंदी) आपोआप जातात. पुश.ऑटोसेटअपरिमोट ट्रू, हे २.३७ पासून आहे, नव्या ब्रांचच्या पहिल्या पुशला ती अपस्ट्रीमची (सर्व्हरवरच्या जोडीच्या ब्रांचची) लांबलचक कमांड लागत नाही. रिबेस.ऑटोस्क्वॉश ट्रू, म्हणजे --फिक्सअपने टाकलेले दुरुस्तीचे कमिट इंटरॅक्टिव्ह रिबेसमध्ये मूळ कमिटमध्ये मिसळतात. हे सगळं लावलं तेव्हा माझी ८० ओळींची स्क्रिप्ट ६ ओळींवर आली आणि नंतर तीही मी काढून टाकली.

टर्मिनलवाली

पासवर्डचं आधी बोलू, बाकीचं मग. तो पासवर्ड बदललाय का? धाग्यात कुठेच लिहिलेलं नाही म्हणून विचारतेय. बरेच जण अशा वेळी आधी कमिट पुसायच्या मागे लागतात, रिसेट काय, फोर्स पुश काय, आणि पासवर्ड तोच राहतो. अहो, तुम्ही ब्रांचवरून कमिट काढला तरी सर्व्हरवर तो ऑब्जेक्ट लगेच नाहीसा होत नाही, हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) माहीत असेल तर बऱ्याच ठिकाणी तो उघडतो, आणि मधल्या वेळात कोणी फेच केलं असेल तर त्याच्या मशीनवर तर तो आहेच. तुमच्यासारखं दर १५ मिनिटांनी फेच करणारे अजून दोघं आहेत म्हणता ना, तीच स्क्रिप्ट कॉपी केलेले! एकदा बाहेर गेलेला पासवर्ड गेला म्हणूनच धरायचा. आधी बदला. हिस्टरी साफ करायची असेल तर गिट फिल्टर-रेपो आहे, पण ते सावकाश आणि टीमला सांगून, कारण सगळ्यांचे हॅश बदलतात.

आता संध्याकाळबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की ॲड करणं ही गोष्ट मशीनवर सोडायचीच नाही. काय कमिटमध्ये जाणार हे ठरवणं हेच तर आपलं काम आहे, बाकी सगळी हमाली. मी गिट ॲड डॅश पी शिवाय कमिटच करत नाही, एकेक तुकडा समोर येतो, त्यात विसरलेला प्रिंट दिसतो, डीबगसाठी खोटा टाकलेला आयडी दिसतो. दिवसाकाठी पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

आणि 'मशीन बिघडलं तर काम जाईल' ही भीती असेल म्हणून रोज पुश करत असाल, तर तो बॅकअपचा प्रश्न झाला. बॅकअपसाठी बॅकअपच वापरा ना.

साधा_माणूस

मी वेगळं बोलणारे, राग नसावा. २० वर्षं झाली या धंद्यात, गिटच्या आधीच्या सबव्हर्जनपासून. मी अजून सगळ्या कमांड हाताने मारतो आणि दर कमांडच्या आधी गिट स्टेटस. लोक हसतात. पण दिवसात सगळ्या मिळून कमांड होतात किती, ३०? ४०? त्यात वेळ जातो म्हणणं म्हणजे गंमत आहे. वेळ कॉन्फ्लिक्टमध्ये जातो, रिव्ह्यूची वाट बघण्यात जातो, टाईप करण्यात जात नाही. स्क्रिप्टने वाचवलेली सगळी मिनिटं तुमच्या या तीन भानगडींत व्याजासकट परत गेली असतील, नाही का?

हाताने टाईप करताना डोळे आऊटपुटवर असतात. स्क्रिप्ट चालवताना माणूस दुसऱ्या खिडकीत असतो. फरक तेवढाच आहे आणि तो मोठा आहे.

शाखामृग

काका, स्टेटस बघण्यावर सहमत, पण ३० कमांडमधली एक जरी रोज चुकत असेल तर? मी तीनदा मेनवरच कमिट केलंय हाताने टाईप करूनच. आता प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) दोन ओळी आहेत, ब्रांच मेन असेल तर एक्झिट १, खेळ खलास. तिथे मशीन माझ्यापेक्षा जागरूक आहे.

प्लंबर

तिसऱ्या भानगडीला कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो, कारण तीच खरी मजेदार आहे.

फोर्स-विथ-लीज काय तपासतो हे आधी बघ. तो सर्व्हरवरची ब्रांच आणि तुझ्याकडची ओरिजिन/तुझी-ब्रांच ही नोंद एकच आहे का एवढं बघतो. अर्थ असा की 'मी शेवटचं पाहिलं होतं तेव्हा तिथे जे होतं तेच अजून असेल तर लिहू दे, नाहीतर थांब.' आता तुझं क्रॉन बघ. सहकाऱ्याने दुपारी दोन कमिट पुश केले. पुढच्या १५ मिनिटांत क्रॉनने फेच केलं, तुझी ओरिजिनची नोंद पुढे सरकली. तू ते कमिट पाहिले नाहीस, तुझ्या लोकल ब्रांचमध्ये ते आले नाहीत कारण तुझी सकाळ फक्त मेन बघते. पण गिटच्या दृष्टीने तू पाहिलेस. संध्याकाळी लीजने तपासलं, दोन्ही जुळलं, म्हणाला चला, आणि पुसलं. म्हणजे तुझं एक ऑटोमेशन दुसऱ्या ऑटोमेशनच्या कुलपाची चावी फिरवून ठेवत होतं. गिटच्या मॅन्युअलमध्येही हा इशारा आहे, मागे आपोआप फेच चालू असेल तर लीजवर विसंबू नका म्हणून. बरेच एडिटर पण गुपचूप फेच करत असतात, ते वेगळंच.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही कर. २.३० पासून --फोर्स-इफ-इन्क्लूड्स आहे, तो लीजच्या जोडीला लावायचा, एकट्याने तो काही करत नाही. सर्व्हरवरचं टोक तुझ्या लोकल ब्रांचच्या वाटेत कधी आलं होतं का हे तो रिफ्लॉगमधून (ब्रांच कधी कुठे होती याची लोकल नोंदवही) बघतो, नुसतं फेच झालेलं त्याला चालत नाही. कॉन्फिगमध्ये पुश.यूजफोर्सइफइन्क्लूड्स ट्रू केलं की लक्षात ठेवायला नको.

दुसरं, ते क्रॉन काढ आणि रेपोत (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमध्ये) जाऊन एकदा गिट मेंटेनन्स स्टार्ट कर. २०२० च्या शेवटी शेवटी आलेली कमांड आहे, फारशी कोणी वापरत नाही. ती सिस्टीमच्या शेड्युलरमध्ये स्वतःला नोंदवते आणि दर तासाला सर्व्हरवरून ऑब्जेक्ट आणून ठेवते, पण ओरिजिनच्या नोंदींना हात लावत नाही, रेफ्स/प्रीफेच नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. त्यामुळे तू स्वतः फेच करतोस तेव्हा बहुतेक डेटा आधीच आलेला असतो, फेच पटकन होतं, आणि लीजचा अर्थही शाबूत राहतो. मोठ्या रेपोत फरक जाणवतो, छोट्यात काही नाही.

आणि एक, एसएसएच कीला (सर्व्हरवर शिरायची किल्ली) पासफ्रेज असेल तर असली मागची कामं मुकाट्याने फेल होतात, कारण शेड्युलरला तुमच्या टर्मिनलमधला एसएसएच एजंट (ती किल्ली उघडून ठेवणारा प्रोग्राम) दिसत नाही. क्रॉन बिचारं एररची मेल पाठवतं, पण ती मशीनवरच्याच लोकल मेलबॉक्समध्ये, जी कोणी उघडत नाही. आमच्याकडे एक आरसा रेपो (दुसऱ्या रेपोची नक्कल, मिरर) चार महिने जागचा हलला नव्हता आणि मेलबॉक्समध्ये हजारो मेल पडल्या होत्या, सगळ्या एकच ओळ बोलणाऱ्या.

अर्धवट_कमिट

बापरे. तिसऱ्याचं उत्तर वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. म्हणजे मी सुरक्षित राहावं म्हणून लावलेलं फेच, त्यानेच घात केला.

टर्मिनलवाली ताई, पासवर्ड बदलला नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर बदलला. याहून जास्त काही बोलत नाही.

उडालेले कमिट सहकाऱ्याच्या मशीनवर होते, त्यामुळे वाचलो.

आता अजून दोन गोष्टी विचारतो, याच्यावर पण माझ्या स्क्रिप्ट आहेत आणि आता त्यांचीही भीती वाटायला लागलीय. मर्ज झालेल्या (मेनमध्ये मिसळून झालेल्या) ब्रांच साफ करायला मी नेटवर सगळीकडे असते ती एक ओळ वापरतो, गिट ब्रांच --मर्ज्ड, त्यातून ग्रेप डॅश व्ही मेन, आणि पुढे एक्सार्ग्जने डिलीट. तरी लोकल ६० च्या वर ब्रांच पडून आहेत, त्या जातच नाहीत. आणि आमच्याकडे कमिट मेसेजच्या सुरुवातीला तिकीट नंबर लागतो, तो मी हुकने ब्रांचच्या नावातून काढून लावतो, पण मधूनच एखाद्या कमिटला नंबरऐवजी 'हेड' असा शब्द लागलेला दिसतो. हे काय गौडबंगाल?

जुना_खोंड

ब्रांचचं मी सांगतो.

जात नाहीत कारण तुमच्याकडे स्क्वॉश मर्ज होत असणार. स्क्वॉशमध्ये तुमच्या ब्रांचवरचे सात कमिट मिळून मेनवर एक नवीनच कमिट बनतो, त्याचा हॅश वेगळा, त्याचा बाप वेगळा. मूळ सात कमिट मेनच्या इतिहासात कधी येतच नाहीत, त्यामुळे गिटच्या लेखी ती ब्रांच मर्ज झालेलीच नाही. मर्ज्डच्या यादीत ती कशी येईल? आणि मग लोक वैतागून छोट्या डी ऐवजी मोठा डी लावतात, म्हणजे काही न विचारता उडव. स्क्रिप्टमध्ये मोठा डी आंधळेपणाने कधीच लावू नये.

त्याऐवजी वेगळी खूण बघायची. मर्ज झाल्यावर सर्व्हरवरची ब्रांच आपोआप डिलीट होते असं सेटिंग असेल तर प्रून करून फेच केल्यावर गिट ब्रांच डॅश व्हीव्ही मध्ये त्या ब्रांचच्या पुढे कंसात 'गॉन' दिसतं. अपस्ट्रीम होती, आता नाही. मी त्याच यादीवर चालतो, आणि तरी स्क्रिप्ट आधी यादी दाखवते, शेवटचा कमिट कधीचा तेही दाखवते, मी हो म्हटल्यावरच मोठा डी. दर सोमवारी अर्धा मिनिट लागतो.

तुमच्या त्या एका ओळीत अजून दोन बारीक खोड्या आहेत. ग्रेप डॅश व्ही मेन म्हणजे नावात कुठेही मेन असलेली ब्रांच वगळ. तुमची एखादी ब्रांच 'डोमेन-फिक्स' असेल तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यात मेन येतो, ती जन्मात डिलीट होणार नाही. आणि चालू ब्रांचच्या आधी गिट फुलीसारखं चिन्ह छापतो, ते पण एक्सार्ग्ज ब्रांचचं नाव समजून पुढे देतो, मग अशी ब्रांच नाही म्हणून एरर. गिट ब्रांचचं आऊटपुट माणसाने वाचायला आहे, स्क्रिप्टसाठी गिट फॉर-ईच-रेफ वापरायचं, त्यात काय छापायचं ते आपण सांगतो. स्टेटससाठी तसंच, --पोर्सिलेन लावायचं, ते आऊटपुट पुढच्या आवृत्तीत बदलणार नाही अशी हमी आहे. नावाची गंमत बघा, गिटमध्ये माणसाने वापरायच्या कमांडना पोर्सिलेन म्हणतात आणि आतल्या कमांडना प्लंबिंग, बेसिन वर आणि नळ खाली असं, पण --पोर्सिलेन हा फ्लॅग मात्र स्क्रिप्टसाठी. वर प्लंबर आहेतच, त्यांनी यावर बोलावं.

चुकून डिलीट झाली तर घाबरू नका. डिलीट करताना गिट 'ही इथे होती' म्हणून हॅश छापतो, स्क्रिप्टने ते आऊटपुट कुठल्यातरी फाईलमध्ये ओतून ठेवायचं. तो हॅश घेऊन त्याच नावाने ब्रांच परत काढता येते. हॅश नसेल तर हेडच्या रिफ्लॉगमध्ये शोधा. डीफॉल्टला रिफ्लॉगच्या नोंदी ९० दिवस राहतात, पण ज्या कमिटपर्यंत आता कुठूनच पोचता येत नाही त्यांच्या ३० च दिवस. म्हणजे महिनाभराच्या आत शुद्धीवर या.

टर्मिनलवाली

'हेड' चं गौडबंगाल: तुमचा प्रिपेअर-कमिट-मेसेज हुक ब्रांचचं नाव विचारतो. पण रिबेस चालू असताना तुम्ही कुठल्याच ब्रांचवर नसता, हेड (तुम्ही आत्ता कुठे आहात ती खूण) सुटा असतो, डिटॅच्ड. त्यावेळी गिट रेव्ह-पार्सला नाव विचारलं की तो सरळ 'हेड' असं उत्तर देतो आणि तुमचा हुक ते तिकीट नंबर समजून चिकटवतो. रिबेसमध्ये एखादा मेसेज बदलायला रिवर्ड केलं की हे होणार. नाव नीट पॅटर्नमध्ये बसतंय का, म्हणजे अक्षरं, डॅश, आकडे, ते तपासा आणि नसेल बसत तर हुकने काही न करता एक्झिट ०. शिवाय नंबर आधीच असेल तर पुन्हा लावू नका, नाहीतर अमेंड (शेवटचा कमिट दुरुस्त) केलं की दोनदा लागतो. त्या हुकला दुसरा आर्ग्युमेंट येतो, मेसेज कुठून आला ते सांगणारा, मर्ज असेल तर 'मर्ज', अमेंड असेल तर 'कमिट', तो बघून सोडून द्यायचं.

हुकचा विषय निघालाच आहे तर माझी एक जुनी जखम सांगते. प्री-कमिटमध्ये फॉर्मॅटर लावला होता, स्टेज केलेल्या (ॲड करून निवडलेल्या) फाईलींची यादी घे, त्यांच्यावर फॉर्मॅटर चालव, परत गिट ॲड कर. अगदी सरळ वाटतं ना? आता मी आहे ॲड डॅश पी वाली. एका फाईलमधले दोन तुकडे स्टेज केले, तिसरा मुद्दाम बाहेर ठेवला, तो अर्धाच लिहिलेला होता. हुकने फॉर्मॅट करून अख्खी फाईल ॲड केली आणि तो तिसरा तुकडा पण कमिटमध्ये. आणि मी नेमका तोच कमिट रिव्ह्यूला पाठवलेला. तेव्हापासून माझा हुक फाईल बदलत नाही, नुसतं तपासतो आणि बोंब मारतो. बदलायचंच असेल तर लिंट-स्टेज्ड किंवा प्री-कमिट नावाची जी फ्रेमवर्क आहेत ती स्टेज न केलेले बदल आधी बाजूला ठेवतात, स्वतःची ॲड लिहू नका.

आणि हुक टीममध्ये वाटायचे असतील तर लक्षात ठेवा, डॉट गिटमधलं हुक्स फोल्डर क्लोनबरोबर येत नाही. ते मुद्दाम तसं आहे, नाहीतर कोणाचाही रेपो क्लोन करून कमिट मारलं की त्याचा कोड आपल्या मशीनवर चालला असता. हुक रेपोतल्या साध्या फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकाने एकदा कोअर.हुक्सपाथ तिकडे वळवायचा, २.९ पासून ही सोय आहे.

साधा_माणूस

आणि --नो-व्हेरिफाय लावला की तुमचे ते सगळे प्री-कमिट हुक पाण्यात.

टर्मिनलवाली

बरोबर. म्हणून हुक हा फक्त आपल्या सोयीचा, लवकर कळावं म्हणून. जे अडवलंच पाहिजे, पासवर्ड, मेनवर थेट पुश, ते सर्व्हरवर प्री-रिसीव्ह हुकमध्ये किंवा होस्टिंगच्या ब्रांच प्रोटेक्शनमध्ये. तिथे कोणाचा नो-व्हेरिफाय चालत नाही. आणि लोकल हुक दोन-तीन सेकंदांत संपला पाहिजे, त्यात अख्खी टेस्ट सूट घुसवली की आठवड्यात सगळे नो-व्हेरिफायचा अलियास करून मोकळे होतात, हे मी पाहिलंय.

साधा_माणूस

मी वर फार शहाणपणा केला, आता कबुली देतो. एक गोष्ट मी स्क्रिप्टला देतो, गिट बायसेक्ट रन, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटने आला ते शोधणं.

एका रिपोर्टमध्ये महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बेरीज चुकत होती, मागच्या रिलीजला बरोबर होती, मधे ७०० च्या आसपास कमिट. बायसेक्ट दर वेळी निम्मे करतो, म्हणजे १० एक फेऱ्यांत सापडायला हवं. एकेक बिल्ड चार मिनिटांचा. हाताने करत बसायचं म्हणजे दर चार मिनिटांनी गुड की बॅड सांगायला हजर राहा. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, बिल्ड कर, रिपोर्ट काढ, आकडा बरोबर तर एक्झिट ०, नाहीतर १. लावून जेवायला गेलो, परत आलो तर कमिट समोर, कोणी केला त्याच्या नावासकट.

फक्त तो कमिट चुकीचा होता. मधले काही कमिट बिल्डच होत नव्हते, माझ्या स्क्रिप्टने बिल्ड फेल झाला तरी १ दिला, बायसेक्टला वाटलं बॅड. मी जाऊन त्या पोराला चार शब्द सुनावून पण आलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. बिल्ड होत नसेल तर एक्झिट १२५ द्यायचा असतो, त्याचा अर्थ 'हा सोड, शेजारचा बघ'. तो टाकून परत चालवलं तेव्हा खरा कमिट निघाला, आणि तो माझाच होता.

अजून एक, ती स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा. आत कमिट करून ठेवलीत तर जुन्या कमिटवर गेल्यावर ती फाईलच जागेवर नसते.

शाखामृग

काका __/\__ 

'आणि तो माझाच होता' ला +१.

अर्धवट_कमिट

तीन आठवड्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला.

संध्याकाळ डिलीट केली. सकाळ आता एका ओळीची अलियास आहे, फेच आणि ओरिजिन/मेनवर रिबेस, ऑटोस्टॅश कॉन्फिगमध्ये. क्रॉन काढलं, मेंटेनन्स लावलं. इफ-इन्क्लूड्सने मागच्या गुरुवारी एकदा पुश अडवला, खरंच कोणीतरी माझ्या ब्रांचवर टायपो दुरुस्त करून गेलं होतं, तेव्हा प्लंबरदादांची आठवण झाली. ६३ पैकी ५१ ब्रांच गेल्या, उरलेल्या १२ मध्ये दोन कामाच्या निघाल्या ज्या मी विसरूनच गेलो होतो. संध्याकाळचं ॲड डॅश पी सुरू केलंय, पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली, आता पाच-सात. 'काम चालू' नावाचे कमिट बंद, त्याऐवजी --फिक्सअप करतो आणि ऑटोस्क्वॉश त्यांना इंटरॅक्टिव्ह रिबेसमध्ये जागेवर नेऊन बसवतो.

पण (हा पण असतोच) कुठेतरी वाचून रेरेरे.एनेबल्ड पण ट्रू केलं. रोज रिबेस करताना तोच तोच कॉन्फ्लिक्ट परत परत सोडवायला लागू नये म्हणून. चालतंय मस्त. फक्त एकदा मी कॉन्फ्लिक्ट चुकीचा सोडवला, घाईत समोरच्याची ओळ उडवली, आणि आता तो पठ्ठ्या दर रिबेसला माझी तीच चूक निष्ठेने परत करतोय. मी दुरुस्त करतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. याला विसरायला कसं लावायचं?

प्लंबर

विसरायला लावायची कमांडच आहे, गिट रेरेरे फर्गेट आणि पुढे फाईलचा पाथ. पण ती कॉन्फ्लिक्टच्या मधे असतानाच द्यायची, म्हणजे रिबेस तिथे थांबलेला असताना. तू काय करत असणार, रिबेस पूर्ण होऊ देतोस आणि नंतर वेगळा कमिट टाकून दुरुस्त करतोस, त्याने रेरेरेच्या वहीतली नोंद बदलत नाही. फर्गेट दिल्यावर गिट चेकआऊट --मर्ज आणि तोच पाथ, म्हणजे कॉन्फ्लिक्टच्या खुणा फाईलमध्ये परत येतील, त्या नीट सोडव, ॲड कर, रिबेस कंटिन्यू. नवीन उत्तर नोंदवलं जाईल.

आणि रेरेरे.ऑटोअपडेट ट्रू केलं असशील तर ते काढ. डीफॉल्टला तो जुनं उत्तर फाईलमध्ये भरतो पण स्टेज करत नाही, तुला एकदा बघायला वाव राहतो. ऑटोअपडेटमध्ये तो स्टेजही करून टाकतो. तसा न वापरलेली उत्तरं गिट ६० दिवसांनी झाडून टाकतो, पण तू रोज रिबेस करतोस म्हणजे ही चूक रोज वापरली जातेय, ती काय आपणहून मरायची नाही.

अर्धवट_कमिट

ऑटोअपडेट ट्रूच होतं 🤦 काढलं. फर्गेट उद्या सकाळच्या रिबेसला करतो आणि सांगतो.